घर आधी कुणासाठी?

नांदेडला देगलूर नाक्याच्या पुढच्या वस्त्यांत किंवा लातूरच्या रिंगरोडच्या आसपास फिरताना काही घरे लगेच ओळखू येतात. तळमजला जुना, शहाबादी फरशीचा. संडास-न्हाणी अंगणाच्या कोपऱ्यात, पत्र्याखाली. वर मात्र नवा मजला, मोठ्या काचेच्या खिडक्या, स्टीलचे रेलिंग, दर्शनी भिंतीला महागडी टाइल. वरच्या मजल्याला बहुतेक वेळा कुलूप असते. मुलगा-सून आखाती देशात असतात, दीड-दोन वर्षांनी महिनाभर येतात. खाली अब्बा आणि अम्मी राहतात. मोहल्ल्यात त्याला ‘दुबईवाल्याचे घर’ म्हणतात, मग मुलगा रियाधला असो की कुवेतला.

रमजानमध्ये या घरांचा विषय हमखास निघतो. जकातीचा हिशेब अनेक घरांत याच महिन्यात होतो, तिकडून पैसेही याच महिन्यात जास्त येतात. मुलगा ईदला येणार असेल तर रंगकाम, पीओपी, मॉड्युलर किचन अशी कामे घाईने काढली जातात. म्हणून याच महिन्यात सांगावेसे वाटते की, आज जे घरात राहतात त्यांच्यासाठी घर आधी नीट करावे, आणि त्यात कुणाचा किती पैसा गेला ते कागदावर लिहून ठेवावे. या दोन गोष्टी झाल्या नाहीत तर पंधरा-वीस वर्षांची कमाई कुणालाच सुख देत नाही.

आधी तिकडे राहणाऱ्या नवरा-बायकोचे पाहू. आपल्या भागातून गेलेल्यांमध्ये एसी मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, सुतार, ड्रायव्हर बरेच आहेत. अलीकडे इंजिनिअर आणि अकाउंटंटही आहेत. पगार बरा असेल तर बायको-मुलांना बोलावता येते. ते सोपे नसते. सौदीत जुलै 2017 पासून कुटुंबातील प्रत्येक आश्रितामागे महिन्याला 100 रियाल शुल्क सुरू झाले. दरवर्षी ते 100 रियालने वाढले आणि जुलै 2020 पासून 400 झाले. बायको आणि दोन मुले असतील तर वर्षाला 14,400 रियाल केवळ सोबत राहण्याचे. त्या काळात अनेकांनी जड मनाने कुटुंब गावी परत पाठवले.

एवढी किंमत मोजून जे एकत्र राहतात, ते कसे राहतात? ‘दोन वर्षांत परतच जायचे आहे,’ असे म्हणत जमिनीवर गादी, आधीच्या भाडेकरूने सोडलेला फ्रिज, खिडकीला पडद्याऐवजी चादर. त्या दोन वर्षांची दहा वर्षे होतात आणि चादर तशीच राहते. लातूरला डी.एड., बी.एड. झालेली मुलगी दिवसभर त्या खोलीत असते. सौदीत जून 2018 पासून स्त्रियांना गाडी चालवता येते, ही मोठी सोय झाली. पण आश्रित म्हणून मिळालेल्या इकाम्यावर तिला थेट नोकरी धरता येत नाही. तिचे आयुष्य त्याच खोलीत चालले आहे आणि त्याच खोलीवर खर्च करायला हात आखडतो. गावाकडच्या बंद मजल्यावर मात्र फॉल्स सीलिंग लागते.

भाड्याच्या घरात फार काही करता येत नाही, हे खरे आहे. दुबईत 2007 च्या 26 क्रमांकाच्या कायद्याप्रमाणे मालकाच्या परवानगीशिवाय भाडेकरूला घरात बदल करता येत नाहीत. पण त्याच कायद्याने, करारात वेगळे ठरले नसेल तर, देखभाल-दुरुस्ती ही मालकाची जबाबदारी आहे. गळका नळ, बिघडलेला गीझर यासाठी मालकाला लेखी कळवण्याचा हक्क आपली मंडळी वापरत नाहीत. जाड पडदा, चांगली गादी, मुलांना अभ्यासाचे टेबल, कुंडीत कढीपत्ता आणि पुदिना यांना कुणाची परवानगी लागत नाही. रमजानमध्ये तिकडे कामाचे तासही कमी होतात. सौदीत रोजेदाराला दिवसाला सहा तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, अमिरातीत रोजचे दोन तास कमी होतात. नवरा-बायकोला इफ्तार एकत्र करता यावा असे हे दिवस असतात. ते वर्षाचे नाते जिथे टिकवायचे, ती जागा राहण्यासारखी हवी.

आता इकडचे पाहू. मुलगा रियाधमध्ये दुसऱ्यांच्या घरांत गारवा करतो आणि त्याचे अब्बा मे महिन्यात तापलेल्या स्लॅबखाली झोपतात. नांदेड-लातूरचा उन्हाळा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांना सहज जातो. स्लॅबवर दर उन्हाळ्याआधी पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग मारला तर खोली बरीच निवते. हा खर्च दर्शनी टाइलच्या मानाने काहीच नाही. पण तो रस्त्यावरून दिसत नाही, म्हणून राहून जातो.

तीच गोष्ट न्हाणीघराची. म्हातारी माणसे घरात पडतात ती बहुतेक ओल्या फरशीवर. आपल्या घरात दिवसातून पाच वेळा वजू होतो, सहरीला अंधारात उठावे लागते. नव्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइलवर पाणी सांडले की पाय सरकतोच. तेव्हा खोलीला लागून संडास, तिथे कमोड, भिंतीला धरायला दांडा, खरबरीत फरशी, वजूसाठी बसता येईल असा ओटा आणि योग्य उंचीवर नळ, अंगणात रात्रभर जळणारा एक दिवा एवढे आधी करावे. खुब्याचे हाड मोडल्यावर दवाखान्यात जो खर्च होतो, त्यात हे सगळे होऊन पैसे उरतील. आणि तेव्हा धावपळ करायला मुलगा इथे नसतो.

पाण्याचेही तसेच. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या वर्षी जूनमधले सुरुवातीचे रोजे लातूरकरांनी घागरी मोजत काढले. छतावरचे पावसाचे पाणी गाळून बोअरमध्ये किंवा हौदात सोडायची व्यवस्था बांधकामाच्या वेळीच केली तर थोडक्यात होते, नंतर फोडाफोड करावी लागते. नव्या घरांत किती जणांनी ती केली आहे, ते आपल्याच गल्लीत पाहावे.

मजला चढवण्याबाबत तर लातूरकरांना वेगळे सांगायला नको. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे गेली, ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरच्या मातीच्या ओझ्याखाली दबून. तरीही आज जुन्या भिंतींवर स्लॅब आणि स्लॅबवर मजला चढवला जातो. मुलगा फोनवर ‘करा’ म्हणतो, ठेकेदार करून मोकळा होतो. खालच्या भिंती आणि पाया हे ओझे पेलतील का, हे इंजिनिअरकडून तपासून घेतल्याशिवाय परदेशातून पैसे पाठवू नयेत. त्या मजल्याखाली आपलेच आई-वडील झोपतात.

आता कागदाची गोष्ट. यात घरे मोडतात. प्लॉट अब्बांच्या नावावर, बांधकाम मुलाच्या पैशातून, आणि लिहिलेले काहीच नाही. अब्बांचे निधन झाले की ती मालमत्ता वारसांची होते. शरीयतप्रमाणे मुले असताना अम्मीला आठवा हिस्सा, उरलेल्यात भावाला दोन वाटे तर बहिणीला एक. मग परदेशातला भाऊ म्हणतो, घर माझ्या पैशाचे. इथला भाऊ म्हणतो, आई-वडिलांना मी सांभाळले. आणि दोघे मिळून बहिणीला सांगतात, तुझे काय आहे यात? तिने हिस्सा मागितला तर ती वाईट, सोडला तर चांगली! पंधरा वर्षे परदेशात त्या एका खोलीत काढलेल्या सुनेचे नाव तर यात कुठेच नसते, तिने मेहरचे दागिने बांधकामाला दिले असले तरी.

कुरआनातली सर्वांत लांब आयत देण्या-घेण्याचे व्यवहार लिहून, साक्षीदार ठेवून करण्याविषयी आहे. रमजानमध्ये आपण ती तरावीहमध्ये ऐकतो आणि घरच्या व्यवहारात ‘आपल्यात कसले लिहायचे’ म्हणतो. बँकेतून पाठवलेल्या पैशाच्या नोंदी ठेवाव्यात. मुलाचा पैसा कर्ज आहे, भागीदारी आहे की आई-वडिलांना दिलेली भेट, हे अब्बा हयात असताना, बहिणींसमोर ठरवून लिहावे. वडिलांना राहते घर मुलाला किंवा मुलीला बक्षीसपत्राने द्यायचे असेल तर महाराष्ट्रात त्याचे मूळ मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे. स्थानिक अधिभार लागला तर तो वेगळा. पण एकाला देऊन बाकीच्यांना डावलणे धर्मालाही मान्य नाही. नवा प्लॉट घेताना बायकोचे नाव सोबत लावावे. आणि परदेशस्थ भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, तेव्हा शहराबाहेरचा स्वस्त प्लॉट अकृषिक झाला आहे का, हे पाहूनच बयाणा द्यावा. जकातीबाबतही एक गैरसमज आहे. राहत्या घरावर जकात नाही, पण घरासाठी साठवलेली रक्कम निसाबाहून जास्त असून वर्ष उलटले तर तिच्यावर अडीच टक्के जकात निघते, असे बहुतेक उलेमा सांगतात.

यावर कुणी म्हणेल, घर ही इज्जत आहे. ज्यांचे बालपण पत्र्याखाली, भाड्याच्या खोलीत गेले, त्यांना चार लोकांना दिसेल असे घर बांधावेसे वाटते, त्यात गैर काय? गैर काहीच नाही. पक्क्या घराने मुलींच्या स्थळांना फरक पडतो, बँक कर्ज देते, मोहल्ल्यात शब्दाला वजन येते. हे सगळे मान्य करूनही प्रश्न क्रमाचा आहे. आई-वडिलांचे न्हाणीघर, छत आणि पाणी आधी. नवरा-बायको-मुले राहतात ती खोली त्यासोबत. दर्शनी भिंत सगळ्यांत शेवटी. आई-वडिलांना थांबायला वेळ नाही. मुलांचे बालपणही कुलूप लावून ठेवता येत नाही.

बहुधा तिकडे चंद्र एक दिवस आधी दिसतो, म्हणून त्यांची ईद आपल्या आदल्या दिवशी होते. त्या दिवशी व्हिडिओ कॉल येईल, शिरखुर्मा दाखवला जाईल, घराचे काम कुठवर आले ते विचारले जाईल. तेव्हा अम्मींनी फोन वरच्या मजल्याकडे नेण्याऐवजी न्हाणीघराकडे न्यावा. मुलाला काय हवे-नको ते आपोआप कळेल.