भिंतीवरची नावं

‘वीकेंडला काय केलंस?’ हा सोमवार सकाळचा प्रश्न जर्मनीतही चुकत नाही. ‘कपडे धुतले’ हे उत्तर लागोपाठ दोनदा देऊन झालं होतं. तिसऱ्यांदा तेच सांगायची वेळ येणार, इतक्यात टीममधल्या मैत्रिणीनं फर्मान काढलं, ‘शनिवारी रोथेनबुर्गला जायचं. ख्रिसमस बघायचा तर तिथंच!’

रोथेनबुर्ग ऑब डेर टाउबर हे त्याचं पूर्ण नाव. खाली टाउबर नदी, वर टेकडीवर तटबंदीच्या आत बसलेलं जेमतेम अकरा हजार वस्तीचं गाव. न्यूरेंबर्गहून निघालं की शेवटी श्टाइनाख नावाच्या छोट्या स्टेशनावर गाडी बदलायची आणि पंधरा मिनिटांत तुम्ही थेट मध्ययुगात. वेशीतून आत शिरलो आणि दोघींची बोलती बंद! दगडी फरसबंदी, उतरत्या लाल छपरांची घरं, खिडक्याखिडक्यांत दिवे. प्ल्योनलाइनच्या तिठ्यावर तर फोटोसाठी चक्क रांग. एका हाताला वर जाणारा रस्ता, दुसऱ्या हाताला खाली उतरणारा, दोन्हींच्या टोकाला बुरूज आणि मधोमध एक पिवळं वाकडं घर. कॅलेंडरवर बघितलेलं गाव खरंच असतं हो!

इथला ख्रिसमसचा बाजार पंधराव्या शतकापासून भरतो म्हणतात. नाव राइटरलेसमार्क्ट. राइटरले म्हणजे घोडेस्वार. जुन्या समजुतीप्रमाणे हा मेलेल्यांचे आत्मे घेऊन हिवाळ्यात आकाशातून फिरायचा. आता तो बाजाराचं उद्घाटन करतो आणि पोरंटोरं त्याच्याभोवती नाचतात. काळ बदलला की भुतंसुद्धा सुधारतात.

बाजारात गरम मसालेदार वाइन प्यायची. मगचं डिपॉझिट वेगळं द्यायचं. मग परत केला की पैसे परत, अगदी सोड्याच्या बाटलीसारखं. सोबत श्नेबाल, म्हणजे बर्फाचा गोळा. खाल्ल्यावर लक्षात आलं, ही तर आपली दिवाळी! करंजीची पारी कातणीनं पट्ट्यापट्ट्यांत कापावी, गोळा करावी, तळावी आणि वर पिठीसाखर भुरभुरावी. आईच्या हाताखाली मी हे बिघडलेलं काम म्हणून केलं असतं. इथं त्याचे पैसे पडतात.

पुढं हेरनगासेवर केटं वोल्फार्टचं दुकान. बारा महिने ख्रिसमस, १९८१पासून. आत झाडं, हजारो गोळे, लाकडी बाहुल्या आणि वरच्या अंगाला २००० साली सुरू झालेलं ख्रिसमसचं म्युझियम. युरोचे रुपये करायची खोड असेल तर इथं आवरा. मी एक इवलासा लाकडी देवदूत उचलला, मनात गुणाकार केला आणि अलगद जागेवर ठेवला. त्यालाही वाईट वाटलं असावं.

मग तटावर चढलो. वर छप्पर असलेली अरुंद लाकडी वाट आहे, गावाभोवती लांबवर चालता येतं, तिकीट नाही. चालता चालता मैत्रीण थबकली. भिंतीत ठिकठिकाणी पाट्या. माणसांची नावं, कंपन्यांची नावं, गावांची नावं, कितीतरी जपानीसुद्धा. आपल्याकडे देवळातल्या फरशीवर नि पंख्याच्या पात्यावर देणगीदाराचं नाव असतं ना, तस्संच.

हिशेब असा. ३१ मार्च १९४५ला, ईस्टरच्या आदल्या दिवशी, अमेरिकन विमानांनी गावावर बॉम्ब टाकले. तीनशेहून जास्त घरं गेली, जुन्या गावाचा जवळजवळ चाळीस टक्के भाग गेला, तट पडला. पुढं तोफा लागणार होत्या. पण अमेरिकेच्या युद्धखात्यातल्या जॉन मॅक्लॉयला हे गाव माहीत होतं. त्याच्या आईनं इथलं चित्र घरी नेलं होतं, असं सांगतात. त्यानं तोफा टाळायला सांगितलं, इथल्या जर्मन अधिकाऱ्यानं हिटलरचा हुकूम मोडून गाव सोडलं आणि उरलेलं वाचलं. पडलेला तट जगभरच्या लोकांनी पैसे देऊन उभा केला.

‘म्हणजे हे ड्युप्लिकेट आहे?’ मैत्रिणीचा चेहरा पडला. ‘आपण तीन तास नव्या भिंतीचे फोटो काढले?’

मला मात्र तोवर त्या पाट्या आवडायला लागल्या होत्या. ज्यांचं इथं काहीच नव्हतं, त्यांनी एकेक तुकडा उचलून धरलाय. ख्रिसमस ख्रिसमस म्हणतात तो यापेक्षा वेगळा काय असतो? अगदी गहिवरून आलं मला.

हे गहिवरणं अर्धा तास टिकलं. उतरून फिरताना पांढऱ्या बुरुजापाशी एक छोटी बाग लागली. तिथंही भिंतीत दगड, तिथंही अक्षरं. पण हिब्रू. त्या ज्यूंच्या समाधीशिळा. रब्बी मायर नावाचे मोठे विद्वान तेराव्या शतकात इथं शिकवत होते, लांबलांबून विद्यार्थी यायचे. १५२०मध्ये गावानं ज्यूंना हाकललं. साडेतीनशे वर्षांनी काही कुटुंबं परतली, तर ऑक्टोबर १९३८मध्ये पुन्हा हाकललं. देशभर सिनेगॉग जळाले त्या नोव्हेंबरच्याही आधी! नाझींना हे गाव फार प्रिय. त्यांच्या मते अस्सल जर्मन गाव असंच दिसायला हवं होतं. प्ल्योनलाइनसारखं. माझ्या फोटोसारखं.

मी कॅमेरा बॅगेत टाकला. बाजारातल्या गाण्याचा आवाज तिथपर्यंत येत होता. बागेत आम्ही दोघीच.

परतीच्या गाडीत मैत्रिणीनं विचारलं, ‘मग काय ठरलं? खरं गाव की ड्युप्लिकेट?’

म्हटलं, ‘गाव खरं आहे गं. फक्त दोन्ही भिंती बघायच्या.’

तुम्ही गेलात तर जरूर जा, डिसेंबरातच जा, श्नेबाल खा. आणि तटावरून उतरल्यावर दहा मिनिटं त्या बागेसाठी राखून ठेवा.

सोमवारी ऑफिसात प्रश्न आलाच. वीकेंडला काय केलंस?

म्हटलं, ‘नावं वाचली.’