प्रबंध चौथ्या वर्षी, लेखनाचे शिक्षण कधी?

चार वर्षांच्या पदवीतील ‘संशोधनासह ऑनर्स’ हा पर्याय आता कागदावरून महाविद्यालयांच्या दारात येत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळवणाऱ्यांना तो खुला आहे. त्यांनी चौथ्या वर्षी १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प किंवा प्रबंध सादर करायचा आहे. प्रयोगशाळा, उपकरणे, मार्गदर्शक यांची चर्चा होते. विद्यार्थी प्रबंध लिहायला शिकणार कुठे, हे फारसे कोणी विचारत नाही.

विज्ञान शाखेत शास्त्रीय लेखनाचा खरा सराव सुरू होतो तो अकरावीच्या जर्नलपासून, आणि घोटाळाही तिथलाच. मागच्या वर्षीची वही समोर ठेवून हेतू, साहित्य, कृती, निष्कर्ष उतरवायचे, तारखा बदलायच्या आणि सही घ्यायची, ही रीत इतकी रुळली आहे की तिला कोणी नक्कल म्हणतही नाही. अनुमापनात ब्युरेटची तीन वाचने घ्यायची असतात. जर्नलमध्ये ती तिन्ही बहुधा तंतोतंत सारखी आढळतात. एखादे वाचन वेगळे का आले, हे शोधून लिहिण्याची संधी जिथे असते, नेमके तेच वाचन खोडले जाते. दुसऱ्याला तोच प्रयोग पुन्हा करता यावा इतका नेमका तपशील, हा शास्त्रीय लेखनाचा गाभा. ‘द्रावण थोडा वेळ तापवले’ हे वाक्य कोणत्याही भाषेत निरुपयोगीच.

या सवयीवर उपाय येतो तो थेट पीएचडीच्या उंबरठ्यावर. ‘संशोधन व प्रकाशन नीतिमत्ता’ हा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम आयोगाने २०१९च्या अखेरीस सक्तीचा केला. त्याआधी २०१८च्या नियमावलीने वाङ्मयचौर्याच्या पायऱ्या ठरवल्या होत्या : १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, ६० टक्क्यांपुढे नोंदणीच रद्द. धाक आवश्यक होता. परंतु त्यातून ‘काय लिहिले?’ऐवजी ‘किती टक्के आले?’ हा प्रश्न रूढ झाला. शब्द फिरवून टक्केवारी उतरवता येते आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी तेही कष्ट वाचवले आहेत. उसना विचार मात्र उसनाच राहतो.

गोव्यात या अडचणीला आणखी एक पदर आहे. सरकारी प्राथमिक शाळांतून मराठी किंवा कोकणीत शिकलेले मूल पाचवीपासून इंग्रजीकडे वळते. प्रयोग कुठे फसला, हे टेबलापाशी मातृभाषेत नीट सांगणारा विद्यार्थी कागदावर मुका होतो. शिक्षक व्याकरण दुरुस्त करतात. दावा आणि पुरावा यांचा सांधा जुळला आहे का, हे तपासायचे राहून जाते. आधी मातृभाषेत कच्चा मसुदा लिहायला आडकाठी नसावी. भाषेची चूक आणि विचाराची चूक त्यामुळे निदान वेगवेगळ्या दिसतील.

पदवीच्या पहिल्याच वर्षी एका विद्यार्थ्याने लिहिलेली कृती दुसऱ्याच्या हाती द्यावी आणि तेवढ्यावरून प्रयोग करायला सांगावे. उणिवा तासाभरात उघड होतील. त्याला नवे उपकरण लागत नाही. लागतो तो साठ वह्या खरोखर वाचून परत देणारा शिक्षक. त्याच्या कार्यभाराच्या तक्त्यात तासिका मोजल्या जातात, या वाचनाला रकाना नाही.