टेबल दोघांनाही तेच, तरीही

तालुक्याच्या गावात पूलच्या टेबलावरून वाद झाला की मालकाचे उत्तर ठरलेले असते : टेबल दोघांनाही तेच आहे, मग अन्याय कसला? हे म्हणणे अर्धेच खरे आहे. कापड जुने होऊन संथ झाले असेल, तर ते प्रत्येक फटक्याला सारखेच संथ असते. चांगला खेळाडू दोन-चार फटक्यांत त्याचा अंदाज घेतो आणि तो अंदाज हे कौशल्यच आहे. पण हरवलेल्या बॉलच्या जागी दुसऱ्या संचातला बॉल घातला असेल किंवा टेबलाचा एक पाय खचला असेल, तर दोष जागेनुसार आणि बॉलनुसार बदलतो. त्याची झळ कोणाला आणि कधी बसेल, हे नशिबावर राहते. शिवाय अक्कलकोटच्या टेबलावर रोज खेळणाऱ्याला तो उतार पाठ असतो, सोलापूरहून स्पर्धेला आलेल्याला नसतो. टेबल तेच असले तरी माहिती सारखी नसते.

पूलच्या बॉलचा व्यास ५७.१५ मिलिमीटर आणि वजन १५६ ते १७० ग्रॅम असावे लागते. समान वजनाच्या बॉलवर सरळ रेषेत, न फिरता घसरत गेलेला पांढरा बॉल आदळला की जागीच थांबतो. पांढरा जड असेल तर तो पुढे सरकतो, हलका असेल तर मागे उसळतो. जड पांढऱ्यावर शिकलेला मुलगा तो थांबवण्यासाठी नकळत क्यू त्याच्या मध्याखाली लावू लागतो आणि पुण्यातल्या नीट टेबलावर त्याच फटक्याने पांढरा मागे पळतो. त्याची मेहनत कमी नसते, हात चुकीच्या गोष्टीवर बसलेला असतो. चॉकचा थर चढलेले बॉल एकमेकांना जास्त घासतात, त्यामुळे कापून मारलेला बॉल नेमाच्या रेषेवरून ढळतो. सर्वांत मोठे नुकसान हळुवार खेळाचे होते. कललेल्या टेबलावर सावकाश सोडलेला बॉल शेवटच्या वीतभरात वळतो, म्हणून मुले सगळेच जोरात मारायला शिकतात. वेगावरचा ताबा हा या खेळाचा प्राण आहे, आणि खराब टेबल नेमकी त्यालाच शिक्षा देते.

अस्सल खेळाडू कुठेही चमकतो, असा आक्षेप येईल. पण बिलियर्ड्सपटू मायकेल फरेरा यांनी १९७८ च्या राष्ट्रीय बिलियर्ड्स स्पर्धेत ११४९ गुणांचा ब्रेक, म्हणजे एकाच पाळीत सलग तेवढे गुण केले, ते कशाच्या बळावर? शेकडो फटके सलग साधायचे, तर प्रत्येक फटक्याला टेबलाने तेच उत्तर द्यावे लागते. प्रतिभा टेबलाच्या लहरीवर मात करते असे आपण मानतो, ते हरलेल्या गुणी मुलांची नोंद कोणी ठेवत नाही म्हणून.

खर्चाची अडचण मात्र खरी आहे. जाड स्लेटचे नवे टेबल घ्या, असे छोट्या मालकाला सांगणे आम्हाला शोभणार नाही. पण सोळाही बॉल गावातल्या सराफाच्या काट्यावर तोलून आणायला खर्च कसला? गवंड्याची लेव्हल-बाटली टेबलावर आडवी-उभी ठेवून पायाखाली पाचर सारता येते. बॉल रोज पुसावेत आणि सोलापूरच्या धुळीत टेबल रात्री झाकावे. स्पर्धेआधी बॉलची वजने भिंतीवर लावावीत, वेगळा निघालेला बॉल बदलावा आणि बाहेरगावच्या खेळाडूला पहिल्या सामन्यापूर्वी त्याच टेबलावर पंधरा मिनिटे हात बसवू द्यावा.