गाडी पाहावी मागल्या बाकावरून

घरात गाडी घ्यायचं ठरलं की चर्चेला कसा ऊत येतो! अ‍ॅव्हरेज किती, पिकअप कसा, रंग पांढरा की चंदेरी. पुरुषमंडळींचे प्रश्न संपता संपत नाहीत. एक प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. सर्वांत मागे कोण बसणार? उत्तर आपल्याला ठाऊकच आहे. पुढे कर्ते पुरुष, मधे सासू-सासरे किंवा पाहुणे आणि शेवटच्या बाकावर सून, मुलं आणि डब्यांची पिशवी!

आमच्या चारठाण्यासारख्या गावी मोठी गाडी म्हणजे नुसती हौस नव्हे. जिंतूरचा बाजार, परभणीचा दवाखाना, औंढा नागनाथाचं दर्शन, जालन्याकडचं लग्न, कुठेही निघायचं तर सहा-सात माणसं एकदमच निघतात. पूर्वी हे काम मॅटॅडोरने केलं. पुढे १९९४ मध्ये टाटा सुमो आली. माणसं मावायची खरी, पण सुमोच्या मागच्या समोरासमोरच्या बाकांवर गुडघ्याला गुडघा लागायचा. नंतर खास कुटुंबासाठी आखलेल्या, आटोपशीर गाड्या निघाल्या. २०१२ मध्ये मारुतीची एर्टिगा, २०१८ मध्ये महिंद्राची नाशिकला तयार झालेली मराझो, २०२२ मध्ये कियाची कॅरेन्स. या तिन्ही गाड्या डिझेलवरही निघाल्या. नवीन घ्या की जुनी, पुढच्या गोष्टी स्वतः तपासाव्यात.

चढउतार : साडी नेसूनच गाडी पाहायला जावं. पायरी किती उंच आहे, धरायला मूठ आहे का, मधलं आसन एका हाताने दुमडून मागे जाता येतं का, हे बघावं. गुडघे धरलेल्या सासूबाईंनाही सोबत न्यावं. त्यांच्याइतकी खरी परीक्षा दुसरी नाही.

शेवटचा बाक : तिथे पाच मिनिटं नव्हे, चांगली वीस मिनिटं बसावं, तेही गाडी खडबडीत रस्त्यावर चालू असताना. मागचा तळ उंच असला की गुडघे छातीशी येतात, मांडीला आधार मिळत नाही आणि तासाभरात कंबर बोलू लागते. मधलं आसन पुढे सरकत असेल तर पुष्कळ फरक पडतो. ज्या मुलाला गाडी लागते, त्याला तिथे बसवू नये.

गारवा : वैशाखात परभणीचा पारा चाळिशीच्या वर जातो. पुढे गार वारा आणि मागे घामाच्या धारा, असं होता कामा नये. मराझोत मागच्या रांगांसाठी छताच्या मधोमध गार हवेची सोय केली, ती याच कारणाने.

सामान : सगळी आसनं उघडी असताना मराझोत मागे १९० लिटर जागा उरते. म्हणजे घरातल्या पाण्याच्या दोनशे लिटरच्या ड्रमाहूनही कमी! माणसं सात असली तर बॅगा टपावर, हे आधीच धरून चालावं.

पट्टे : मागच्यांनीही पट्टा लावलाच पाहिजे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागेच बसले होते, पट्टा लावलेला नव्हता. २०१८ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत मराझोला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले, मुलांच्या सुरक्षेसाठी मात्र दोनच. तेव्हा तारे किती एवढंच न विचारता, कोणासाठी किती, असं विचारावं. आणि मूल मांडीवर घेतलं म्हणजे ते सुरक्षित, हा समज सोडून द्यावा. धक्का बसला की आईचे हात पुरे पडत नाहीत. लहानग्याला त्याच्या मापाचं वेगळं आसनच हवं.

आता डिझेलचं. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम आले आणि डिझेल एर्टिगा बंद झाली. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते. साठलेली काजळी जाळायला तिला पुरेशी उष्णता लागते, म्हणून अधूनमधून गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग, बऱ्या वेगाने चालवावी लागते. नुसतं शाळा-बाजार-देऊळ केलं तर ती गाळणी तुंबते आणि खर्च अंगावर येतो. महिन्यातून दोन-चारदा लांबचा पल्ला असेल तरच डिझेल परवडतं. नाहीतर पेट्रोल बरं.

तेव्हा मैत्रिणींनो, इसार देण्याआधी एक गोष्ट करा. गाडी पसंत करणाऱ्या मंडळींना सांगा, ‘पुढची चक्कर तुम्ही मागे बसून मारा.’ भांडण नको, वाद नको. त्या बाकावरून उतरताना ते काय म्हणतात, तेवढं ऐका. शेवटच्या बाकावरच्या माणसाला जी गाडी सुखाची, ती सगळ्या घराला सुखाची, एवढं लक्षात ठेवलं म्हणजे झालं!