पोटातले जंतू आणि पोटातले मूल

अन्न जिरते ते पोट आणि मूल वाढते तेही पोटच, अशी आमच्या मराठीची रीत आहे. आतडी वेगळी आणि गर्भाशय वेगळे हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते, म्हणून शास्त्र शिकलेली मंडळी या ढिलाईला हसत आली. आता शास्त्रज्ञच या दोन पोटांमधला व्यवहार धुंडाळू लागले आहेत. त्यातून हाती येणारे ज्ञान मोलाचे आहे. पण ते परिपक्व होण्याआधीच बाजाराने त्याच्यावर झडप घातली आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आतड्यांतील अब्जावधी जंतू आपल्याला न पचणारा कोंडा आणि भाजीचा चोथा आंबवतात. त्यातून ॲसिटेट, ब्युटिरेट अशी द्रव्ये तयार होऊन रक्तात उतरतात आणि शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला लगाम घालण्याच्या कामी येतात. २०१२ साली रुथ ले व त्यांच्या सहकाऱ्यांनी फिनलंडमधील ९१ गर्भवतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या तिमाहीतील जंतूंची वस्ती शेवटच्या तिमाहीत पार पालटलेली दिसली. आणि हे शेवटचे जंतू जंतुरहित उंदरांत सोडले तेव्हा उंदरांची चरबी वाढली, इन्सुलिनचा प्रभाव मंदावला. २०१९ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांना प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे गर्भारपणात रक्तदाब चढविणारा घातकी विकार, झालेल्या स्त्रियांच्या रक्तात ॲसिटेट कमी आढळले. पुढच्याच वर्षी चीनमध्ये अशा स्त्रियांचे जंतू उंदरांत घातले असता त्यांचाही रक्तदाब चढला.

दुवा आहे, यात शंका नाही. पण दुवा म्हणजे कारण नव्हे, आणि उंदीर म्हणजे बाईमाणूस नव्हे. फिनलंडमधील तो पालट निरोगी गर्भवतींतही दिसला होता. तेव्हा तो रोग नसून वाढत्या गर्भाला पोषण पुरविण्याची निसर्गाची तजवीजही असू शकेल.

आमच्या किनाऱ्याशी थेट संबंध असलेले एक उदाहरण येथे दिलेच पाहिजे. अंडी, मांस यांतील काही घटकांपासून आतड्यातील जंतू ट्रायमिथिलअमाइन नावाचा वायू बनवितात आणि यकृत त्याचे टीएमएओ या द्रव्यात रूपांतर करते. हृदयविकाराशी त्याचे नाते जोडले गेले आहे. प्रीएक्लॅम्पसियाशीही ते जोडण्याचा प्रयत्न काही अभ्यासांनी केला. आता मौज अशी, की समुद्रातल्या मासळीच्या अंगातच हे टीएमएओ भरपूर असते. बाजारात शिळ्या बांगड्याचा जो वास नाकात शिरतो, तो जंतूंनी त्याचाच बनविलेला ट्रायमिथिलअमाइन होय! नुसत्या रक्तातील आकड्यावरून निवाडा केला, तर रोज हुमण-भात जेवणारी प्रत्येक गोमंतकीय गर्भवती रोगी ठरेल. उलट, मासळीत मिळणाऱ्या ओमेगा-३ मेदाम्लांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणांचे प्रमाण घटते, असा निष्कर्ष कॉक्रेन संस्थेने अनेक चाचण्या एकत्र तपासून २०१८ साली काढला आहे. एखादा अर्धवट वाचलेला लेख दाखवून सुनेच्या ताटातला मासा काढून घेणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

आणि 'चांगल्या जंतूं'च्या त्या गोळ्या व पुड्या? गरोदरपणातील मधुमेह त्यांनी टळेल अशी आशा होती. ऑस्ट्रेलियात ४११ स्त्रियांवर केलेल्या चाचणीत, २०१९ साली, तो टळला नाही. २०२१ साली कॉक्रेनने साऱ्या चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा मधुमेहाबाबत ठोस लाभ दिसला नाहीच. उलट या गोळ्या घेणाऱ्यांत प्रीएक्लॅम्पसियाचा धोका वाढलेला आढळला. 'नैसर्गिक आहे, अपाय तो कसला?' असे म्हणत त्या पुढे करणाऱ्यांना आमचा सवाल आहे, की हा आढावा आपण वाचला आहे काय? घरच्या ताकाला आम्ही येथे गोवू इच्छित नाही; चाचण्या गोळ्यांच्या होत्या, ताकाच्या नव्हत्या. उकड्या तांदळाची पेज, नाचणी, कुळीथ, अळसांदे, तांबडी भाजी हा आहार जंतूंना मानवो वा न मानवो, गर्भवतीला मानवतो, एवढे पुरे.

खरी चिंता निराळीच आहे. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० वर गेला, तर ते कळायला मापक लागतो, जंतूंची प्रयोगशाळा नव्हे. प्रत्येक गर्भवतीची मधुमेहासाठी तपासणी व्हावी, असे केंद्र सरकारचे मार्गदर्शन २०१४ पासून आहे; ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासायचे, इतके ते सोपे आहे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतील गर्भवतींची मोफत तपासणी होते. तळहात-तळपाय विलक्षण खाजू लागले, तर ती उष्णता म्हणून चंदन लावीत बसू नये. पित्ताम्ले रक्तात साचल्याचे ते लक्षण असू शकते, आणि ती फार वाढली तर गर्भ दगावण्याचा धोका असतो. डोके सतत ठणकणे, डोळ्यांपुढे काजवे चमकणे, चेहऱ्यावर एकाएकी सूज येणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

अन्न व औषध प्रशासनाला आमची मागणी इतकीच, की गर्भवतीचे चित्र छापून विकल्या जाणाऱ्या डब्यांवरील दावे त्याने एकदा तपासून पाहावेत. आणि आरोग्य खात्याने सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांतील उपकेंद्रांवर किती रक्तदाबमापके चालू स्थितीत आहेत, त्याची केंद्रवार यादी प्रसिद्ध करावी. ती आम्ही आनंदाने छापू.