साठवणुकीची सक्ती कायद्यानेच हवी

सौर वीज दुपारी इतकी तयार होते की ग्रिडला ती घेववत नाही. आणि दिवेलागणीला, नेमकी मागणी चढू लागते तेव्हा, ती संपलेली असते. दुपारची वीज साठवून संध्याकाळी वापरावी, यावर आता फारसे दुमत उरलेले नाही. वाद आहे तो राज्याने त्यासाठी कायदा करावा का, याचा. ‘बॅटऱ्या स्वस्त झाल्या की वीज कंपन्या स्वतःहून घेतील, आधीच सक्ती केली तर महागड्या खरेदीचा भार ग्राहकाच्या बिलावर येईल,’ असे म्हणणाऱ्यांत ऊर्जाक्षेत्रातली जाणकार मंडळीही आहेत. त्यांचे म्हणणे मला साफ नामंजूर आहे. का, ते कॅलिफोर्नियात दिसते.

तिथल्या विधिमंडळाने २०१० साली ‘एबी २५१४’ हा कायदा केला. लिथियम बॅटऱ्या तेव्हा आजच्या कितीतरी पट महाग होत्या. कायद्यात मेगावॉटचा आकडा नव्हता. परवडेल आणि व्यवहार्य ठरेल अशी साठवणूक किती होऊ शकते ते तपासा व कंपन्यांना उद्दिष्ट द्या, असे त्याने नियामक आयोगाला बजावले. आयोगाने २०१३ मध्ये तीन खासगी वीज कंपन्यांवर मिळून १,३२५ मेगावॉटची खरेदी बंधनकारक केली. करार २०२० पर्यंत, प्रकल्प २०२४ अखेरीपर्यंत चालू. ग्राहकाच्या खिशाची काळजी कायद्याच्या मजकुरातच घेतलेली होती.

बॅटऱ्यांचे भाव या कायद्याने पाडले, असा दावा मी करणार नाही. ते मुख्यतः विद्युत मोटारींच्या कारखानदारीमुळे पडले. पण भाव पडले म्हणून दुसऱ्या दिवशी खरेदी सुरू होत नाही. निविदा कशी काढायची, करारात हमी कशाची मागायची, बॅटरीला वीज घेणारा ग्राहक मानायचे की वीज देणारा पुरवठादार, ही घडी आधी बसवावी लागते. कॅलिफोर्नियाने ती महागाईच्या काळात, बेताच्या खरेदीवर बसवून घेतली.

ऑगस्ट २०२० मध्ये उष्णतेच्या लाटेत तिथे लागोपाठ दोन संध्याकाळी आळीपाळीने वीज तोडावी लागली. बॅटऱ्या तेव्हा थोड्याच होत्या. ६ सप्टेंबर २०२२ रोजी मागणी ५२,०६१ मेगावॉट या उच्चांकावर गेली. संध्याकाळी पावणेसहाला मोबाईलवर ‘वीज जपून वापरा’ असा तातडीचा संदेश आला, लोकांनी तो मानला, आणि बॅटऱ्यांनी तीन हजार मेगावॉटहून जास्त वीज पुरवली. त्या दिवशी ग्रिडचालकाला भारनियमनाचा आदेश काढावा लागला नाही. २०२४ मध्ये राज्याची बॅटरी-क्षमता दहा हजार मेगावॉटच्या पुढे गेली.

दुसरा आक्षेप आगीचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नाही. १६ जानेवारी २०२५ रोजी कॅलिफोर्नियातल्याच मॉस लँडिंग इथल्या ३०० मेगावॉटच्या बॅटरी-प्रकल्पाला भीषण आग लागली. हजाराहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली, महामार्ग बंद झाला. पण त्याच गावात सप्टेंबर २०२२ मध्येही, शेजारच्या दुसऱ्या प्रकल्पात, आग लागली होती. तिथे बॅटऱ्यांच्या अडीचशेवर पेट्या उघड्यावर, सुट्या सुट्या ठेवलेल्या होत्या. जळाली ती एकच पेटी. जानेवारीत जळालेल्या बॅटऱ्या मात्र जुन्या वीजकेंद्राच्या इमारतीत, एका छपराखाली दाटीवाटीने रचलेल्या होत्या. फरक मांडणीचा होता, आणि मांडणीचे नियम घालून देणे हे सरकारचेच काम. मॉस लँडिंगचा दाखला कायद्याच्या विरोधात देणारे त्यातून कायद्याचीच गरज सिद्ध करतात.

महाराष्ट्राला हे तंत्र नवे नाही. घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून आहे: मागणी कमी असताना कोकणातल्या खालच्या जलाशयातले पाणी वर चढवायचे, गरजेच्या वेळी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली सोडून वीज करायची. २०२३ मध्ये राज्याने उदंचन प्रकल्पांचे धोरणही आणले. केंद्राने २०२२ मध्येच २०२९-३० पर्यंत चार टक्क्यांचे साठवणूक-बंधन आखून दिले. ‘मग आणखी कायदा कशाला?’ असे विचारले जाते. कारण राज्याचे धोरण एका शासन निर्णयाने येते आणि दुसऱ्याने बदलते. उदंचन प्रकल्प उभा राहायला वर्षे लागतात, त्याचे कर्ज फिटायला त्याहून जास्त. सरकार बदलले तरी टिकेल अशी हमी विधिमंडळच देऊ शकते. वीज हा समवर्ती सूचीतला विषय असल्याने तसा अधिकारही त्याला आहे.

सह्याद्रीच्या जंगलाची आणि तिथल्या गावांची चिंता करणारेही या विषयाकडे संशयाने पाहतात. त्यांचा संशय रास्त आहे. जलाशय कुठे नकोत, हे कायद्यातच लिहिलेले असावे; प्रत्येक प्रकल्पागणिक गावकऱ्यांना तीच लढाई नव्याने लढायला लावू नये.

मेगावॉटचे उद्दिष्ट, त्याची मुदत, आगीपासून संरक्षणाचे नियम, वर्ज्य जागांची यादी आणि दरवर्षी विधिमंडळापुढे अहवाल, एवढे असलेले विधेयक येत्या अधिवेशनात मांडा, अशी मागणी आपापल्या आमदाराकडे लेखी करा.