हेल्मेट, पुरळ आणि आपला सल्ला

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा मधुमेह, हृदयविकार असे भारदस्त विषय सहकाऱ्यांनी आधीच निवडून ठेवले होते. मी निवडलेला विषय दिसायला किरकोळ आहे. हेल्मेटमुळे कपाळावर, कानशिलांवर, हनुवटीखाली आणि मानेवर उठणारे पुरळ, एवढाच तो विषय. वाळपईत व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरला या तक्रारीचे नवल वाटत नाही. आपल्याकडची माणसे दुचाकीवरून होंड्याला, उसगावला, फोंड्याला, अगदी पणजीलाही कामाला जातात. चैत्र-वैशाखात अंगाची काहिली होते आणि पुढे पाऊस सुरू झाला की घरातले कापड वाळत नाही. अशा हवेत तासभर डोक्यावर बसलेली ती घट्ट गादी त्वचेला मानवणार कशी?

पण हा विषय निवडण्याचे खरे कारण वेगळे आहे आणि ते सांगताना मला संकोच वाटतो. साधारण वीस वर्षांपूर्वी रात्रपाळी करणारा एक तरुण माझ्याकडे आला. त्याच्या कपाळावर लालसर पुटकुळ्यांची ओळ होती, हेल्मेटची कड टेकते नेमकी तिथे. बाहेर रुग्णांची गर्दी होती. मी मलम लिहून दिले आणि सहज म्हणालो, ‘‘चार दिवस ते हेल्मेट जरा बाजूला ठेव.’’ तिसऱ्या रात्री रस्त्यात बसलेल्या गुरांना चुकवताना तो पडला. बांबोळीला काही आठवडे काढून तो बचावला, पण त्याची घ्राणशक्ती कायमची गेली. डोक्याला जोराचा हादरा बसला की घ्राणतंतू तुटू शकतात, हे आपण सर्वांनीच पुस्तकात वाचलेले असते. पुढे तो मला भेटायला आला. त्याने मला बोल लावला नाही. कपाळाकडे बोट दाखवून एवढेच म्हणाला, ‘‘पुरळ मात्र गेलं, डॉक्टर.’’

तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे, आणि व्यवसायबंधूंना ते अतिरेकी वाटले तरी मी ते मांडणार आहे. त्वचेच्या कोणत्याही तक्रारीसाठी ‘हेल्मेट घालू नका’ असे डॉक्टरने म्हणू नये, एका दिवसासाठीसुद्धा नाही. चार दिवस दुचाकीच चालवू नका, बसने जा, असे अवश्य सांगावे. एक तरुण सहकारी माझ्याशी वाद घालतो की, कारण दूर करणे हे तर त्वचारोगशास्त्राचे पहिले सूत्र आहे. सूत्र मला मान्य आहे, पण बहुतेक वेळा कारण हेल्मेट नसून त्याचे अस्तर, त्याचे माप, आतला घाम किंवा केसांतले तेल असते.

मिल्स आणि क्लिगमन यांनी १९७५ साली घर्षण, दाब आणि घाम यांनी चिघळणाऱ्या मुरुमांना ‘ॲक्ने मेकॅनिका’ असे नाव दिले. आपल्याकडे येणाऱ्या पुष्कळशा तरुणांना हाच त्रास असतो. काहींना नुसते घामोळे असते, काहींना कोंड्याचा दाह, काहींना केसांच्या मुळाशी पू. अस्तरातील रंग, चिकटद्रव्य किंवा बकलातील निकेल यांची ॲलर्जी त्या मानाने कमी दिसते. पण नेमक्या पट्ट्याच्या वा बकलाच्या आकारात चट्टा उमटला असेल, तर तिचा विचार करावा. आपल्या सत्तरीत आणखी एक प्रकार असतो. काजूच्या हंगामात बागेतून परतणाऱ्याच्या हनुवटीखाली भाजल्यासारखा काळपट पट्टा दिसला, तर हेल्मेटला दोष देण्याआधी त्याचे हात पाहावेत. काजूबीच्या टरफलातील तेल हाताला लागते आणि त्याच हाताने तो बक्कल लावतो. आधी साबणाने हात धुणे आणि तो पट्टा पुसून घेणे हाच तिथला उपचार.

खरी चिंता आहे ती दुकानातून परस्पर घेतलेल्या मलमांची. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकाच नळीत कोंबलेले ते मलम दोन दिवसांत खाज घालवते, म्हणून लोकप्रिय. २०१८ साली अशी अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत आली, तरी घरोघरच्या कपाटांत ती अजून सापडतात. त्यांनी चेहरा लाल व पातळ होतो आणि नायटा असेल तर तो दबून पुन्हा दुप्पट पसरतो. दुसऱ्याचे हेल्मेट उसने घालणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. पायलटच्या मागे रोज बसणाऱ्यांनी डोक्याला बांधायला स्वतःचा सुती रुमाल जवळ बाळगला, तर बरे.

उपाय साधे आहेत. अस्तर निघणारे असेल तर आठवड्यातून एकदा सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवावे. आत पातळ सुती टोपी घालावी आणि ती रोज बदलावी. तेल रात्री लावावे, सकाळी केस धुऊन वाळल्यावरच निघावे. पावसात मात्र अडचण येते, कारण सावलीत काही वाळत नाही. म्हणून लोक हेल्मेट चुलीच्या उबेला ठेवतात. कृपया तसे करू नका. आतील थर्माकोलसारखा थरच आघात झेलत असतो, आणि उष्णतेने तो बिघडतो. पेट्रोल वा थिनरने पुसण्याचेही तेच. पंख्याखाली ठेवावे, जमल्यास दुसरे अस्तर घेऊन ठेवावे. टक्कल पडते ही भीती तर निराधार आहे. घट्ट पट्ट्याने केस ओढले जाऊन तुटतात, पण वंशाने आलेले टक्कल हेल्मेट न घालताही पडते. (हे मी आरशासमोर उभा राहून लिहीत आहे.)

याउलट हेल्मेटच्या उपयोगाविषयी शंका उरलेली नाही. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखले जाणारे टी. ई. लॉरेन्स १९३५ साली मोटारसायकलवरून पडून डोक्याच्या दुखापतीने गेले. त्यांना तपासणारे मेंदूचे शल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी पुढे या दुखापतींचा अभ्यास करून १९४१ साली हेल्मेटचे महत्त्व मांडले. कॉक्रेनच्या २००८ सालच्या आढाव्यानुसार हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्के कमी होतो. एवढा गुण देणारी औषधे आपल्या कपाटात किती आहेत?

कधी कधी कोणी प्रमाणपत्र मागायला येतो. ‘त्वचाविकारामुळे हेल्मेट घालता येत नाही’ एवढे लिहून द्या म्हणतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये पगडी बांधणाऱ्या शीख बांधवांना सूट आहे, पुरळाचा तिथे उल्लेख नाही. पण कायद्यापेक्षा मला त्या तरुणाची आठवण आडवी येते. मी प्रमाणपत्र देत नाही. त्याऐवजी त्याला बाहेर जाऊन हेल्मेट आत आणायला सांगतो. अस्तराला बोट लावून पाहतो, त्याचा वास घेतो आणि त्यालाही घ्यायला लावतो. पुष्कळदा तेवढ्यानेच निदान होते. दाराशी मी एक खुंटीही ठोकून घेतली आहे. हेल्मेट तिथे टांगायचे आणि जाताना डोक्यावर चढवूनच पायरी उतरायची, असा आमच्या दवाखान्याचा शिरस्ता झाला आहे. कोणी विसरलाच, तर आमची परिचारिका रस्त्यापर्यंत त्याच्या मागे जाते.